रांगेतून रस्त्यावर : श्रीलंकेतला उठाव कसा घडला

२८ मार्च २०२२ पासून पेट्रोलनं भरलेलं एक जहाज श्रीलंकेच्या समुद्रात नांगर टाकून उभं होतं. मे महिना अर्धा सरला तरी ते तिथंच होतं. माल उतरवून घ्यायला देशाकडे डॉलर नव्हते. शिवाय त्याच जहाजाचे आधीच्या खेपेचे ५ कोटी ३० लाख डॉलर द्यायचे राहिले होते. ही कबुली ऊर्जामंत्र्यांनीच संसदेत उभं राहून दिली आणि वर लोकांना विनंती केली की, कृपा करून पेट्रोलसाठी रांगा लावू नका.

त्या जहाजापासून राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यातल्या पोहण्याच्या तलावापर्यंतचा प्रवास जेमतेम शंभर दिवसांचा आहे. ९ जुलैची ती दृश्यं आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. तलावात उड्या मारणारी पोरं, पलंगावर लोळणारे लोक, व्यायामाच्या यंत्रावर घाम गाळणारे काका. दृश्यं मजेशीर होती म्हणून लक्षात राहिली, आणि त्यांच्या नादात मधले शंभर दिवस विसरले गेले. संसदेत दोन तृतीयांश बहुमत असलेलं, लष्कर ज्याच्या शब्दात आहे असं निवडून आलेलं सरकार रस्त्यावरच्या माणसांनी कसं घालवलं, हे टप्प्याटप्प्यानं पाहण्यासारखं आहे.

‘लोक उपाशी होते म्हणून उठले’ हे उत्तर सोपं आहे, पण पुरेसं नाही. उपाशी माणसं जगात पुष्कळ आहेत. त्यांतली बहुतेक उठत नाहीत. उसनवारी करतात, गाव सोडतात, नशिबाला बोल लावून गप्प बसतात. आणि श्रीलंका तर साक्षरता, आरोग्य, आयुर्मान यांत दक्षिण आशियात आघाडीवर असलेला देश. उठाव व्हायला नुसती भूक पुरत नाही. निरनिराळ्या थरांतल्या माणसांवर एकच त्रास, एकाच वेळी आणि एकाच जागी उभं राहून सोसायची पाळी यावी लागते. श्रीलंकेत ती जागा म्हणजे रांग.

आधी डॉलर कुठे गेले ते पाहू, कारण रांगेचं मूळ तिथं आहे.

इंधन, स्वयंपाकाचा गॅस, औषधं, गहू, दूध पावडर, छपाईचा कागद हे सगळं श्रीलंका बाहेरून आणते. त्यासाठी लागणारे डॉलर चार वाटांनी यायचे. चहा आणि तयार कपड्यांची निर्यात, पर्यटन, आखातात वगैरे राबणाऱ्या माणसांनी घरी पाठवलेला पैसा, आणि कर्ज. २०१८ मध्ये २३ लाखांवर पर्यटक आले होते आणि त्यांच्याकडून सुमारे ४४० कोटी डॉलर मिळाले होते. २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टर रविवारी चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट होऊन अडीचशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर वर्षभरात कोविड. २०२१ मध्ये पर्यटकांचा आकडा दोन लाखांनाही पोचला नाही.

घरी येणाऱ्या पैशाचं काय झालं हे जास्त बोलकं आहे. सरकारनं एका डॉलरला साधारण २०० रुपये हा भाव जबरदस्तीनं टिकवून धरला. बाजारात मात्र त्याहून बराच जास्त भाव मिळत होता. मग दुबईत किंवा कुवेतमध्ये घरकाम करणाऱ्या बाईनं बँकेतून पैसे का पाठवावेत? तिनं ‘उंडियाल’ पकडली, म्हणजे आपल्याकडची हवाला. घरच्यांना रुपये मिळाले, डॉलर देशात आलेच नाहीत. २०२० मध्ये अधिकृत वाटेनं ७१० कोटी डॉलर आले होते, २०२१ मध्ये ते ५५० कोटींवर घसरले. कुणी मोर्चा काढला नाही की घोषणा दिल्या नाहीत. पण लाखो कुटुंबांनी सरकारच्या शब्दावरचा विश्वास त्याच वर्षी काढून घेतला होता. मला विचाराल तर उठावाचं पहिलं पाऊल हे.

राहिली कर्जाची वाट. आपल्याकडे याचं आवडतं उत्तर म्हणजे चीन. चिनी कर्जावर बांधलेल्या हंबनटोटा बंदराची कथा सांगितली की सगळं सांगून झालं असं वाटतं. चिनी कर्जं महाग होती, त्यांतून उभे राहिलेले काही प्रकल्प शोभेचेच होते, हे खरं. पण सरकारच्या हिशेबात चीनचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास होता आणि इतर काही हिशेबांत तो वीस टक्क्यांपर्यंत जातो. सगळ्यात मोठा हिस्सा होता खुल्या बाजारात विकलेल्या डॉलर रोख्यांचा. २००७ पासून हे रोखे काढले जात होते. जुने फेडायला नवे काढायचे, असा क्रम होता. नवे रोखे घेणारा कुणी उरला नाही तेव्हा तो क्रम तुटला.

तो तुटायला गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारनं हातभार लावला. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते ५२.२५ टक्के मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि आल्या आल्या मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. इतरही कर उडवले. लोक खूश झाले, तिजोरी आटली. पतमापन संस्थांनी देशाची पत उतरवली आणि बाजारात नवं कर्ज मिळणं बंद झालं. २०१९ च्या अखेरीस परकीय गंगाजळी ७६० कोटी डॉलर होती. मे २०२२ मध्ये अर्थमंत्र्यांनीच सांगितलं की, वापरता येण्याजोगे ५ कोटी डॉलरसुद्धा शिल्लक नाहीत. १९९१ मध्ये आपण सोनं गहाण टाकून अशी वेळ टाळली होती. श्रीलंकेनं मात्र जानेवारी २०२२ मध्ये, घरात औषधांना पैसे नसताना, रोखेधारकांचे ५० कोटी डॉलर मुदतीत चुकते केले. पत राखायची म्हणून. ती तीन महिन्यांनी गेलीच.

आणि खत. ६ मे २०२१ ला राजपत्र निघालं की रासायनिक खतांची आणि कीटकनाशकांची आयात बंद. सेंद्रिय शेतीचं गोंडस नाव होतं, पण डॉलर वाचवायचे हाही हेतू होता. एका हंगामात अख्ख्या देशानं सेंद्रिय व्हायचं! ज्यानं आयुष्यात एक वाफा तरी केला आहे तो हे ऐकून कपाळाला हात लावेल. चीनमधून आलेलं सेंद्रिय खत जंतू सापडल्यामुळे परत पाठवावं लागलं आणि त्यापायी ६९ लाख डॉलर मोजावे लागले ते वेगळेच. भाताचं पीक पडलं, चहाला फटका बसला. नोव्हेंबरपर्यंत सरकारनं बंदी मागे घेतली, तोवर हंगाम हातचा गेला होता. तांदळात स्वयंपूर्ण झालेला देश तांदूळ आयात करू लागला. राजकीय हिशेब यापेक्षा महत्त्वाचा. भात पिकवणारा सिंहली बौद्ध शेतकरी हा राजपक्षे घराण्याचा पाया होता. गोटाबायांचे थोरले भाऊ महिंदा राजपक्षे यांनी राष्ट्राध्यक्ष असताना २००९ मध्ये तमिळ वाघांविरुद्धचं युद्ध संपवलं, गोटाबाया तेव्हा संरक्षण सचिव होते, आणि त्या विजयाचं श्रेय गावागावानं त्यांच्या पदरात घातलं होतं. त्याच गावांत २०२१ मध्ये शेतकरी कृषिमंत्र्याचे पुतळे जाळत होते. कोलंबोच्या बातम्यांत हे फारसं उमटलं नाही. पण शहर उठलं तेव्हा गाव राजपक्षेंच्या बाजूनं का उभं राहिलं नाही, याचं उत्तर या बांधावर आहे.

आता रांग.

२०२१ च्या अखेरीपासून गॅस सिलिंडर मिळेनासे झाले. मार्च २०२२ पर्यंत पेट्रोल, डिझेल, रॉकेल, गॅस, दूध पावडर यांपैकी प्रत्येकासाठी वेगळी रांग होती. गॅसच्या रांगेत माणसांच्या जागी रिकामे सिलिंडर उभे असायचे, एकमेकांना साखळीनं नाहीतर दोरीनं बांधलेले, म्हणजे मालकाला घरी जाऊन चार घास खाऊन येता यावं. रॉकेलच्या रांगेत प्लास्टिकचे कॅन. पेट्रोल पंपावरच्या रांगेत रिक्षावाले रिक्षातच झोपत, कारण नंबर गेला तर दुसऱ्या दिवसाची कमाई गेली. उन्हात ताटकळून काही म्हातारी माणसं रांगेतच मेली. २२ मार्चला सरकारनं पंपांवर लष्कर बसवलं.

या रांगेकडे नीट पाहिलं तर तिच्यात तीन गोष्टी एकदम घडताना दिसतात.

एक तर वर्ग पुसले जातात. मोटारवाला आणि रिक्षावाला एरवी एका रस्त्यावर असतात, पण एका प्रश्नात नसतात. महागाई आली तर पैसेवाला पैसे टाकून सुटतो. इथं वस्तूच नव्हती, त्यामुळे पैसा टाकून सुटायची सोय नव्हती. बँकेतला अधिकारी, शिक्षिका, कोळी, डॉक्टर सगळे त्याच पंपावर.

दुसरं म्हणजे माणसं मोकळी होतात. दहा-दहा तास एकत्र उभं राहिल्यावर अनोळखी माणूस अनोळखी राहत नाही. राजपक्षेंना मत दिलं म्हणून पश्चात्ताप करणारे आपण एकटेच नाही, हे रांगेत कळतं. दडपलेल्या समाजात लोक मनात एक ठेवतात आणि तोंडानं दुसरं बोलतात. प्रत्येकाला वाटत असतं की, बाकीचे सरकारच्या बाजूचे आहेत. हा गैरसमज जितका टिकतो तितकं सरकार टिकतं. रांगेनं तो मोडला.

तिसरी गोष्ट वेळापत्रकाची. मार्चअखेर वीज तेरा-तेरा तास जाऊ लागली, कारण वीजकेंद्रांना तेल नव्हतं आणि धरणांतही पाणी कमी होतं. कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या, दोन वर्तमानपत्रांनी शनिवारची छापील आवृत्ती बंद केली. संध्याकाळी अंधार, उकाडा, पंखा नाही, टीव्ही नाही. लोक मेणबत्त्या घेऊन गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहू लागले. आधी दहा जण, मग पन्नास. पक्षाचा झेंडा नव्हता, पुढारी नव्हता. मोटारीचे हॉर्न मात्र एका विशिष्ट ठेक्यात वाजायचे आणि तो ठेका सगळ्या कोलंबोला कळायचा.

३१ मार्चच्या रात्री अशीच एक गर्दी कोलंबोच्या कडेला मिरिहाना भागात गोटाबायांच्या खासगी घराच्या रस्त्यावर पोचली. अश्रुधूर झाला, पाण्याचे फवारे झाले, एक बस पेटली, पन्नासहून अधिक माणसं पकडली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांना न्यायालयात आणलं तेव्हा शेकडो वकील एक पैसा न घेता त्यांच्या बाजूनं उभे होते. सरकारनं आणीबाणी पुकारली, संचारबंदी लावली, समाजमाध्यमं बंद केली. समाजमाध्यमं तासाभरात दुसऱ्या वाटांनी सुरू झाली आणि संचारबंदीत लोक आपापल्या दारात फलक घेऊन उभे राहिले. ३ एप्रिलच्या रात्री पंतप्रधान महिंदा सोडून सगळ्या मंत्र्यांनी राजीनामे दिले. त्यांत बासिल अर्थमंत्री, चमल पाटबंधारे मंत्री, नमल क्रीडामंत्री. गोटाबायांचे दोन भाऊ आणि एक पुतण्या. राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान धरले तर एका जेवणाच्या टेबलावर मंत्रिमंडळाची बैठक होईल अशी परिस्थिती होती. एकाच घराकडे सगळी सत्ता असण्याचा एक तोटा असतो, तो सत्ताधाऱ्यांना उशिरा कळतो: दोष ढकलायला दुसरं कुणी उरत नाही.

गर्दी जमणं सोपं असतं, टिकणं अवघड. ९ एप्रिलला लोक गॉल फेसवर जमले ते घरी गेलेच नाहीत. गॉल फेस म्हणजे कोलंबोची चौपाटी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला पंचतारांकित हॉटेलं आणि समोर राष्ट्राध्यक्षांचं सचिवालय. त्याच परिसरात एक तुकडा गोटाबाया सरकारनंच २०२० मध्ये आंदोलकांसाठी नेमून दिला होता, पाटी लावून. ती सोय अशी उपयोगी पडेल असं त्यांना वाटलं नसणार.

तंबूंच्या त्या वस्तीला नाव पडलं ‘गोटा गो गामा’, म्हणजे गोटा जा असं सांगणारं गाव. गाव म्हणजे खरंच गाव. सामुदायिक स्वयंपाकघर होतं, प्रथमोपचाराचा तंबू होता, वाचनालय होतं, मोबाइल चार्ज करायला सौर पॅनेल होती, कायदा सांगायला वकील होते, संध्याकाळी व्याख्यानं आणि सिनेमा. कुणी पाण्याच्या बाटल्यांचे खोके आणून टाकायचं, कुणी भाताची पाकिटं. मध्यमवर्गीय आई-वडील मुलांना घेऊन येत आणि रात्री परत जात. टिकून राहण्याचं खरं गमक यात होतं. चोवीस तास थांबणारी माणसं थोडी, पण येणारी-जाणारी असंख्य. ज्याला नोकरी आहे त्यालाही दोन तासांचा उठाव करता येत होता. आपल्याकडे दिल्लीच्या सीमांवर शेतकऱ्यांनी जो तळ ठोकला होता त्याची आठवण कुणाला झाली तर ती चुकीची नाही. लंगर आणि पाळ्या हे तंत्र तेच.

रमझानचा महिना होता. गॉल फेसवर इफ्तार झाला, त्यात सिंहली पोरं वाढपी होती. १३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष तिथंच साजरं झालं. ईस्टर स्फोटांत माणसं गमावलेली ख्रिस्ती कुटुंबं आली. १८ मे हा दिवस सिंहली राष्ट्रवाद्यांसाठी युद्धविजयाचा आणि तमिळांसाठी मुळ्ळिवाय्क्कालच्या किनाऱ्यावर मेलेल्या आपल्या माणसांचा. त्या दिवशी गॉल फेसवर, थेट कोलंबोत, त्या मृतांचं स्मरण झालं आणि युद्धाच्या शेवटी तमिळ ज्यावर जगले ती मिठाची कांजी वाटली गेली.

पण इथं हात आखडता घ्यावा लागतो. हे चित्र खरं आहे, तरी अख्खं नाही. उत्तरेत, जाफन्यात, उठावाचा जोर कमी होता. तिथल्या तमिळांनी युद्धाच्या काळात इंधनबंदी, अन्नटंचाई आणि संचारबंदी वर्षानुवर्षं भोगली होती, आणि तेव्हा दक्षिणेत मेणबत्त्या पेटल्या नव्हत्या. आपल्या बेपत्ता मुलांचे फोटो धरून तमिळ आया २०१७ पासून रस्त्याकडेला बसल्या आहेत. त्यांच्या तंबूभोवती कॅमेरे जमले नाहीत. ‘आता तुम्हाला कळलं’ ही भावना त्यांच्या मनात असेल तर तिला नावं कोण ठेवणार?

सरकार मोडायला मदत बहुतेक वेळा सरकारच करतं. १९ एप्रिलला रंबुक्कना इथं इंधनाच्या रांगेतून उसळलेल्या निदर्शनांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, एक माणूस मेला. १२ एप्रिललाच परकीय कर्जाची फेड थांबवल्याची घोषणा झाली होती. सगळं मिळून ५,१०० कोटी डॉलरचं ओझं. मग आला ९ मे. पंतप्रधानांच्या टेम्पल ट्रीज या निवासस्थानी महिंदांनी समर्थकांचा मेळावा घेतला. तो मेळावा काठ्या घेऊन बाहेर पडला, दारातल्या आंदोलकांना झोडपत गॉल फेसवर पोचला, तंबू फाडले, जाळले. पोलीस बघत राहिले. ते सगळं मोबाइलवर थेट दिसत होतं. इस्पितळांतून, कचेऱ्यांतून माणसं धावत आली. समर्थकांच्या बस अडवल्या गेल्या, काहींना बेरा तलावात ढकललं. रात्रीपर्यंत सत्ताधारी खासदारांची डझनांनी घरं पेटली, राजपक्षेंचं मेदमुलानाचं वडिलोपार्जित घरही. निट्टंबुवात एक खासदार मारला गेला. महिंदांनी राजीनामा दिला आणि पहाटे लष्करानं त्यांना बाहेर काढून त्रिंकोमालीच्या नौदल तळावर नेलं. ‘शांततामय उठाव’ असं कौतुक करणारे लेख हा एक दिवस घाईनं उरकतात. तो उरकू नये. त्या दिवशी उठावाचा ताबा कुणाकडेच नव्हता.

गोटाबायांनी वेळ विकत घेतली. १२ मेला त्यांनी रनिल विक्रमसिंघे यांना पंतप्रधान केलं. रनिल पाच वेळा त्या खुर्चीवर बसून आलेले, आणि यावेळी २२५ जणांच्या संसदेत त्यांच्या पक्षाचे ते एकटे सदस्य. लोक थोडे शांत झाले. पण जहाजांना द्यायला डॉलर नव्हतेच. जूनअखेर सरकारनं जाहीर केलं की, दोन आठवडे खासगी वाहनांना इंधन विकलं जाणार नाही. महागाई ५४.६ टक्के, अन्नाची ८० टक्क्यांवर. रांग आता पंपापासून किलोमीटरनं मोजावी लागत होती.

९ जुलैला कोलंबोला येण्याची हाक होती. पण यायचं कसं? बस नाहीत, पेट्रोल नाही. आदल्या रात्री पोलिसांनी संचारबंदी जाहीर केली. वकील संघटनेनं ती बेकायदा असल्याचं सांगितलं आणि सकाळी आठला ती मागे घ्यावी लागली. गॉल, मातारा, कँडी इथल्या स्टेशनांवर लोकांनी रेल्वे अधिकाऱ्यांना गाडी सोडायला लावली. माणसं डब्यांच्या दारांना लटकून, ट्रकमधून, सायकलवरून, पायी आली. दुपारपर्यंत कोलंबोच्या फोर्ट भागात अफाट गर्दी होती. अडथळे पडले, अश्रुधूर झाला, गोळीबारही झाला, माणसं जखमी झाली. पण गर्दीवर सरसकट गोळ्या चालल्या नाहीत, आणि लोक वाड्यात शिरले.

का चालल्या नाहीत? प्रत्येक उठावात शेवटी हा एकच प्रश्न उरतो. आणि हेच लष्कर २००९ मध्ये मुळ्ळिवाय्क्कालच्या किनाऱ्यावर थांबलं नव्हतं, हे आठवलं की प्रश्न आणखी टोचतो. उत्तराचा एक भाग नकोसा आहे. या वेळी समोर सिंहली चेहरे होते. शिपाई ज्या खेड्यातला, गर्दीही त्याच खेड्यातली. त्याची बायको, त्याचा बाप याच रांगांत उभे होते. गणवेशातला एक पोलीस सार्जंट एप्रिलमध्येच गॉल फेसवर येऊन आंदोलकांच्या बाजूनं बोलला होता आणि त्यापायी पकडला गेला होता. गर्दीत भिक्खू होते, पाद्री होते, नन होत्या. उत्तराचा दुसरा भाग हिशेबी आहे. गोळी घालायची ती उद्याच्या मालकासाठी घालायची असते. भाऊ पायउतार झाले आहेत, तिजोरी रिकामी आहे, मदतीसाठी ज्या देशांकडे आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरायचा ते बघत आहेत, अशा वेळी बुडत्या माणसासाठी रक्त सांडायला कोणता सेनापती पुढे होईल? राष्ट्राध्यक्षांना सुखरूप बाहेर काढणं एवढंच लष्करानं केलं. नौदलाच्या जहाजावरून ते निसटले, १३ जुलैच्या पहाटे हवाई दलाच्या विमानानं मालदीवला, तिथून सिंगापूरला. राजीनामा ईमेलनं आला.

वाड्यात लोकांना १ कोटी ७८ लाख रुपयांच्या नोटा सापडल्या. त्या मोजून पोलिसांच्या हवाली केल्या गेल्या. पुढचे काही दिवस बायका-मुलांसह माणसं वाडा बघायला येत होती, आणि त्यासाठीही रांग होती. स्वयंसेवक ती सांभाळत होते. दुसरीकडे त्याच ९ जुलैच्या रात्री रनिल यांचं खासगी घर, त्यांच्या पुस्तकांसकट, जाळलं गेलं होतं.

इथवर लोक जिंकले. पुढं राज्यघटना सुरू झाली. राष्ट्राध्यक्षपद मधेच रिकामं झालं तर उरलेल्या मुदतीसाठी संसद राष्ट्राध्यक्ष निवडते. संसद २०२० चीच होती, राजपक्षेंच्या पक्षाची. २० जुलैला तिनं १३४ मतांनी रनिल यांना निवडलं. डाव्या आघाडीचे अनुरा कुमारा दिसानायके यांना ३ मतं मिळाली. शपथ झाली आणि त्याच रात्री, २२ जुलैच्या पहाटेच्या अंधारात, लष्कर गॉल फेसवर घुसलं. तंबू मोडले, माणसांना मारलं, काहींना पकडलं. दोन आठवड्यांपूर्वी न चाललेला हात आता चालला, कारण आता हुकूम देणारा खुर्चीवर पक्का होता.

मग लाखो लोक परत का आले नाहीत? मला वाटतं, याचं उत्तर एका क्यूआर कोडमध्ये आहे. जुलैच्या उत्तरार्धात इंधनाचा पास सुरू झाला. प्रत्येक वाहनाला आठवड्याचा ठरलेला कोटा, मोबाइलवर कोड दाखवायचा आणि तेवढंच तेल घ्यायचं. पेट्रोलचा भाव डिसेंबरमध्ये १७७ रुपये लिटर होता तो जूनअखेर ४७० झालेला, त्यामुळे मागणी आपोआप आटली. भारतानं त्या वर्षभरात सुमारे ४०० कोटी डॉलरची मदत वेगवेगळ्या रूपांत दिली, त्यातून इंधन, औषधं, धान्य येत राहिलं. ऑगस्टमध्ये रांगा ओसरल्या. रांग गेली तशी मोटारवाला आणि रिक्षावाला पुन्हा आपापल्या प्रश्नांत परतले. टंचाईची जागा महागाईनं घेतली आणि महागाई प्रत्येकाला वेगळी लागते. वीज ऑगस्टमध्ये ७५ टक्क्यांनी आणि पुढच्या फेब्रुवारीत आणखी ६६ टक्क्यांनी महागली. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार गरिबी वर्षभरात जवळपास दुप्पट होऊन २५ टक्क्यांवर गेली. म्हणजे गरिबांचे हाल वाढले आणि उठाव मात्र विझला. भुकेनं उठाव होतो म्हणणाऱ्यांनी या आकड्याकडे जरूर पाहावं.

गोटाबाया सात आठवड्यांत मायदेशी परतले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की, आर्थिक संकटाला राजपक्षे बंधू आणि काही बडे अधिकारी जबाबदार आहेत. त्या निकालानं कुणी तुरुंगात गेलं नाही. हिशेब झाला तो मतपेटीत. २०१९ मध्ये गोटाबायांना ५२.२५ टक्के मतं होती. सप्टेंबर २०२४ मध्ये नमल राजपक्षे यांना २.५७ टक्के पडली. २०१९ मध्ये ३ टक्के मतं मिळवणारे आणि २०२२ च्या संसदेत ३ मतं मिळवणारे दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या आघाडीनं २२५ पैकी १५९ जागा घेतल्या आणि उठावाचा जोर कमी असलेल्या जाफना जिल्ह्यातही सहापैकी तीन जिंकल्या. रनिल यांनी नाणेनिधीशी केलेला करार दिसानायके यांनी मोडला नाही, चालू ठेवला.